कडुबाच्या ताटासमोर सखाराम

कडुबा दाभाडेनं आयुष्यभर भुतांची चेष्टा केली. सिल्लोड तालुक्यातल्या त्याच्या गावात कुणाला चिंचेखाली काही दिसलं की हा मुद्दाम तिथं जाऊन बसायचा आणि झाडाकडं बघून बिडी मागायचा. "आपण बौद्ध माणसं. हे असलं आपल्यात नाय," असं पोरांना ठणकावून सांगायचा. आणि आता शहरातल्या भावसिंगपुऱ्यात, लेकीच्या भाड्याच्या खोलीत, भर दुपारी, मेलेला सखाराम त्याच्या ताटासमोर येऊन बसत होता. सांगायचं तरी कुणाला?

कडुबाला जमीन नव्हती. लोकांच्या कपाशीवर कीड मारायच्या औषधाची फवारणी करायची, हाच त्याचा धंदा. पाठीवर पंप आणि जोडीला सखाराम. दोघं शेजारशेजारच्या ओळींतून चालायचे, एकमेकांना शिव्या घालत. औषध अंगावर येऊ नये म्हणून कडुबा आधी चिमूटभर माती उडवून वारा बघायचा. सखाराम त्याला हसायचा. औषधानं भिजलेल्या शर्टानंच तो बांधावर जेवायला बसायचा. "धुऊन काय उपयोग? उद्या परत भिजणारच की," म्हणायचा.

मागच्या हंगामात असंच बांधावर जेवताना सखारामच्या पोटात कळ आली आणि थेट पाठीत घुसली. गाडी येईपर्यंत तो गेला. भाकरीचा घास हातातच राहिला. गाव म्हणालं, दारूनं गेला.

यंदा पाळी कडुबावर आली. उकाड्याचा दिवस होता, पंप गळत होता आणि पाठ औषधानं चिंब झाली होती. तोंडाला फेस आला, छाती भरली. गावकऱ्यांनी त्याला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथं इंजेक्शनं देऊन त्याला वाचवलं. त्या इंजेक्शनांच्या गुंगीत त्याला पहिल्यांदा सखाराम दिसला, खाटेच्या पायथ्याशी. नर्सनं त्याच्या बायकोला, चंपाबाईला सांगितलं, "घाबरू नका मावशी, या औषधानं होतं असं. माणसं हवेतलं काहीबाही पकडायला बघतात." गुंगी उतरली, सखाराम गेला. मग पोटात तीच कळ आली, पाठीत घुसणारी. तपासलं तर स्वादुपिंड सुजलेलं. ती सूजही हळूहळू उतरली. डॉक्टरांनी सुट्टी दिली. मऊ खा, तेलकट नको, थोडं थोडं खा, म्हणाले.

कडुबा जेवेना. घास घेतला की कळ परत येईल, याची त्याला धास्ती.

त्याची लेक मोनिका घरातली पहिली शिकलेली. ती शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करायची, आणि योगायोग असा की तिचं काम स्वादुपिंडाच्या पेशींवरच होतं. बापाला नीट समजावलं तर त्याची भीती जाईल, असं तिला वाटलं. तिनं मोबाइलवर चित्रफीत लावली. काळ्या पडद्यावर द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी होत्या.

"पप्पा, तुम्ही घास घेतला ना, की नस या पेशींना सांगावा धाडते. सांगावा आला की पेशीत साठवलेलं कॅल्शियम सुटतं. हा बघा, उजेड दिसतोय तो त्याचाच. मग पेशी पाचक रस सोडते, कॅल्शियम परत कोंडून ठेवते आणि उजेड विझतो. परत सांगावा, परत उजेड."

"अन् आपल्या औषधानं काय व्हतं?"

"सांगावा पुसणारं जे द्रव्य असतं, तेच बंद पडतं. मग सांगावा थांबतच नाही. कॅल्शियम उतरत नाही. जो रस आतड्यात जाऊन जागा व्हायचा, तो पेशीतच जागा होतो."

"अन्?"

"अन् पेशीलाच पचवतो."

तिनं औषध टाकलेल्या पेशींची दुसरी फीत दाखवली. तिच्यात उजेड चढला आणि तसाच राहिला. फीत संपली तेव्हाही पेशी लखलखतच होत्या.

लेकीनं फार चांगलं समजावलं, इथंच चुकलं. त्या दिवसापासून कडुबाला घास दिसेना, सांगावा दिसायला लागला. बोटं तोंडाशी नेली की पोटात तो उजेड चढल्यासारखा वाटायचा. विझेल का नाही, कोण जाणे. आणि त्याच क्षणी समोर सखाराम बसलेला असायचा. शर्ट ओला, औषधाचा उग्र वास. बोलायचा काही नाही, फक्त ताटाकडं बघायचा.

कडुबा ताट घेऊन ओट्यावर जायला लागला आणि भात गल्लीतल्या कुत्र्याला घालायला लागला. कुत्रं गुबगुबीत झालं. याच्या गालांची हाडं वर आली.

"अवं मोनीचे पप्पा, पँट सुतळीनं बांधायची वेळ आली की तुमची," चंपाबाई बोलायची, आणि पदर डोळ्याला लावायची. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या खेपेला वजन अजून घटलेलं दिसलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. अंगात ताकद नाही, परत सूज आली तर सोसणार नाही.

त्याच दुपारी चंपाबाईनं त्याला कुत्र्यासोबत पकडलं.

"काऊन असं करू ऱ्हायले तुम्ही? आमाला मारून टाकायचं का?"

कडुबानं मान खाली घातली आणि सांगून टाकलं. सखाराम येतो म्हणून.

चंपाबाई गपकन खाली बसली. मग हळूच म्हणाली, "त्याच्या नावानं एक घास बाहेर ठेवू का? उपाशी गेलाय बिचारा."

"आई, आपल्यात नाही हे," मोनिका ताडकन बोलली.

"मीबी जन्मभर तेच म्हणलो, पोरी," कडुबा म्हणाला. "पण तो येतो, त्याला मी काय करू?"

मग मोनिकाकडं वळून त्यानं विचारलं, "तुझ्या त्या दुसऱ्या चित्रातला उजेड. तो शेवटी विझला का?"

मोनिकाला खोटं बोलता आलं नाही. "त्या पेशी मेल्या, पप्पा."

"म्हंजे सखाराम."

"असेल."

"दारूनं नाय गेला मंग तो."

"दारूनंही असंच होतं. पण तुम्ही जे सांगता त्यावरून औषधाचाच संशय येतो. आता नक्की कुणीच नाही सांगू शकणार."

"अन् माझा उजेड?"

"तुमचा विझला. रिपोर्ट बघितलेत मी."

"कागदावर बघितलंस," कडुबा म्हणाला.

रविवारी प्रयोगशाळेच्या मॅडमची परवानगी काढून मोनिका त्याला तिथं घेऊन गेली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो थांबला. अंधाऱ्या खोलीत तिनं त्याला सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं.

"कुणाच्या पेशी हायेत?"

"उंदराच्या."

"वा! गावाकडं आम्ही उंदराला मारायला औषध ठेवतो, अन् तू त्याचं पोट सांभाळतेस."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी बापानं टोमणा मारला होता. तिनं पेशींवर सांगावा देणाऱ्या द्रव्याचा थेंब सोडला. काळ्या पडद्यावर एका पेशीच्या कडेला ठिणगी उठली, पसरली आणि सगळा घोस उजळला. कडुबानं स्टुलाची कड घट्ट धरली. पडद्याच्या उजेडात त्याला मोनिकाच्या खांद्यामागं सखाराम दिसला, वाकून बघत असलेला.

"आता धुऊन टाकते," मोनिका म्हणाली आणि तिनं मिठाचं पाणी सोडलं. पेशी मंद होत गेल्या. खोली काळी झाली, सखारामही त्यात गेला.

"परत," कडुबा म्हणाला.

परत उजेड, परत सखाराम. परत अंधार.

"परत."

शेवटी मोनिकानंच विचारलं, "अजून किती वेळा, पप्पा?"

"बास. पण ते फवारणीचं औषध टाकू नको यांच्यावर. मी असताना तरी नको."

"नाही टाकत."

घरी आल्यावर चंपाबाईनं मऊ भात आणि मुगाचं वरण वाढलं. कडुबानं आज ताट ओट्यावर नेलं नाही. पहिला घास गिळला. समोर ओला शर्ट आला, वास आला. आणि पोटात कळ उठली.

"गाडी बोलावू का?" चंपाबाई अर्धी उठली.

"थांब."

त्यानं डोळे मिटले. कळ वर चढत होती, पाठीच्या बाजूला सरकत होती. मोनिकानं त्याचं मनगट धरलं. पुढं काय होईल, हे तिलाही माहीत नव्हतं. ही उंदराची पेशी नव्हती. पाणी सोडून काही धुता येणार नव्हतं. कडुबाच्या कपाळावर घाम आला. वाट बघण्याशिवाय कुणाच्या हातात काही नव्हतं.

मग कळ चढायची थांबली. थोडा वेळ आहे तिथंच राहिली आणि उतरायला लागली. पूर्ण गेली नाही, पण उतरली.

त्यानं डोळे उघडले. सखाराम पुढं झुकला होता, ताटाच्या अगदी जवळ.

"सख्या," कडुबा मोठ्यानं म्हणाला, "तुझं राहिलं गड्या. लई वाईट झालं. पण हे माझं हाये."

मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं.

सखाराम हलला नाही. कडुबानं एक हात आडवा धरून ताट आपल्याकडं ओढून घेतलं, आणि मान खाली घालून दुसरा घास घेतला.