कस्तुराबाईचा चाकवत

धाराशिवकडच्या वाशीच्या अलीकडं आमचं गाव. गावात कस्तुराबाईला गुंठाभर रान न्हाय. हाय ते घरामागचं परस, खाटेएवढे चार वाफे, अन् त्याला पाणी मोरीचं. तरी मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवसेच्या सणाला, तिला पाच शेतांतून बोलावणं असतंय. त्या दिवशी शेतात शिजणाऱ्या भज्जीत हाती लागंल ती भाजी पडती, पण चाकवत गावात हिच्याशिवाय कुणी लावत न्हाय. फुकट जेवणारी बाई न्हवंच ती. टोपली डोक्यावर असली तरच बांध ओलांडणार.

यंदा पावसानं दिवाळीपर्यंत वाफसा येऊ दिला न्हाय. चाकवत मागास पेरला. चार बोटं वर आला, अन् कस्तुराबाई लेकीकडं लोहाऱ्याला दोन दिवस जाऊन आली. घरी नवी सून अर्पिता, धाराशिवात वाढलेली. सासू यायच्या आत परस निंदून ठेवावं म्हणून ती खुरपं घेऊन बसली.

सासू आली ती थेट मागं.

"आत्या, सगळं गवत काढलं बघा," अर्पिता हरखून म्हणाली. "गाजरं मात्र छान आलीत तुमची."

वाफ्यात गाजरगवत डौलात उभं. चाकवत गायब.

"व्हय गं माय. ह्याचा हलवा तुझ्या माहेरी धाड. खाजवत बसतील."

शेजारची खातूनबी कुडावरनं हसली. "कस्तुरा, लई इमानदार सून हाय. घरच्याला उपटलं, दुश्मनाला राखलं!"

अर्पिताचं तोंड एवढंसं झालं. येळवस वीस दिवसांवर. आता पेरून हाताशी येणार न्हवतं.

"औंदा रिकाम्या हातानं कुणाच्या बांधावर जाऊ?" कस्तुराबाई खालीच बसली.

"उपटलेलं टाकलं कुठं?" खातूनबीनं विचारलं.

"काल मोरीच्या तोंडाशी," अर्पिता म्हणाली. "चिखलात."

तिघी धावल्या. वरची रोपं सुकून गेलेली. खालची मात्र खरकट्या पाण्यात लोळत जगलेली. मोजली तर एकोणीस. कस्तुराबाईनं मोरीला हात जोडले. खरंच जोडले. मग सुनेला पान उलटून दाखवलं, "पाठीला पीठ लावल्यागत दिसतंय ते आपलं." रोपं पुन्हा लावली, वर एरंडाच्या पानांची सावली केली.

येळवसेला टोपली भरली न्हाय. ओच्यात मावंल एवढाच पाला. चार शेतांच्या पातेल्यात चिमूट चिमूट टाकत दोघी पाचव्या शेतात, धोंडीबाच्या कडब्याच्या कोपीपाशी आल्या.

"कस्तुराकाकू, यंदा एवढाच?" धोंडीबाची बायको म्हणाली.

"हाय तेवढा गोड मान. सुनेनं निंदला, मोरीनं राखला." कस्तुराबाईनं उरलेली पानं अर्पिताच्या हातात दिली. "टाक तूच."

"नीट बघून टाक, पोरी," धोंडीबा म्हणाला. "आमाला गाजरं नगं."

सगळं रान हसलं. अर्पिताही हसली, अन् एकेक पान उलटून बघत पातेल्यात टाकत राहिली.