डोमाची माश्यांची कचेरी

आमच्या साकोलीजवळच्या गावात डोमाइतका नेमाचा माणूस मी पाहिला नाही. आणि मी तरी काय कमी? मारुतीला पाणी घातल्याशिवाय माझ्या चुलीवर चहा चढत नाही. पण डोमा माझ्याहूनही वरताण होता.

तो रानातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसायचा. किडे पानं खाऊन लठ्ठ होतात, मग अंगाभोवती रेशमाचा कोसा विणतात. ते झाडावर असेपर्यंत त्याच्या घरची रीत मोठी कडक. दाढी करायची नाही, डोक्याला तेल नाही, कुणाला शिवायचं नाही, बायकांनी त्या झाडांखाली पाऊल टाकायचं नाही, आणि निरपराध जीव मारायचा नाही.

या शेवटच्या नेमानेच अठ्ठ्याहत्तर साली सगळी मजा केली. उझी नावाची एक माशी किड्याच्या अंगावर अंडं घालते. त्यातली अळी आत शिरते आणि किडा पोखरून खाते. आदल्या साली निम्मं पीक असंच गेलं. डोमाचे सासरे कृष्णराव बजावून गेले, "जवाई, यंदा कोसा नाही आला तर दिवाळीनंतर तुमसरले, राईस मिलीत राखणदारी. मी सांगून ठेवलं हाय." मिलीचं नाव काढलं की डोमा ताटावरून उठायचा. छपराखाली त्याला झोपच येत नसे, तो मिलीत काय जगणार!

म्हणजे उझी मारणं भाग. पण चुकून दुसरीच माशी मेली तर? देव कोपला, पीक गेलं! रेशीम केंद्रातल्या साहेबांनी खूण दिली होती. उझी घरमाशीहून मोठी, पाठीवर चार काळ्या रेघा, पोटावर ताठ केस. मेल्या जनावरावर बसणारी माशी दिसायला तिची बहीणच, पण रेघा तीन. इकडे डोमाला लागलेली चाळिशी. त्याला माशी आहे एवढंच कळायचं.

मग रानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली कचेरी भरू लागली. त्याची बायको चंद्रकला आणि मी, तिची शेजारची काकू, ऐनांच्या हद्दीच्या अलीकडे बसायचो. डोमा माशी शिशीत धरून आणायचा, दगडावर ठेवून मागे सरायचा. चंद्रकला शिशी उजेडात फिरवायची.

"अवो, हे तर गरीब हाय. तीन रेघा. सोडा!"

डोमा बूच काढून हात जोडायचा, "जा माय, माफ कर."

"आन हे?"

"चार! काकू, तुमी बी पाहा. केस पाहा कसे, खराट्यावानी!"

"चारच आहेत," मी म्हणायची, आणि उझी मिठाच्या पाण्यात जायची.

घरमाशीलाही रेघा चारच, पण तिचा एवढुसा देह पाहून ती सुटायची. मला तर असं वेड लागलं, की रामरक्षा म्हणतानासुद्धा मध्येच "चार रेघा" तोंडातून निघालं आणि मी देवापुढे बसून खुदखुदले.

दसरा झाल्यावर कृष्णराव आले. वाढलेल्या दाढीचा जावई, शिशीला डोळा लावलेली लेक, शेजारी मी.

"काय करून राहिले बा तुमी?"

"माशा पाहून राहिलो, मामाजी."

"मी लेक दिली कोसा पोसणाऱ्याले, अन् हा माशा पोसून राहिला! चाल, आजच तुमसरले—"

इतक्यात त्यांच्या गालावर एक मोठी माशी बसली.

"बाबा, हलू नका!" चंद्रकला दबकत जवळ गेली. हद्दीपलीकडे डोमा नाचू लागला, "किती? किती?"

"एक... दोन... तीन..." कृष्णरावांची मिशी थरथरली. मी मारुतीला चौथी रेघ मागितली.

"चार! केस बी हायत!"

"मार मग!"

"बाबाले कशी मारू?"

"मामाजीले नाही, माशीले! मले शिवता येत नाही ना!"

"काय ते लवकर करा," कृष्णराव ओरडले, "गुदगुल्या होऊन राहिल्या!"

फाट! टोपी मोहाच्या मुळाशी पडली. कृष्णरावांनी गाल चोळला, चष्मा चढवला आणि मेलेली माशी चिमटीत धरली.

"चार कुठं हायत? मले तीनच दिसून राहिल्या."

डोमा मटकन खाली बसला. निरपराध जीव!

"बाबा, चौथी तुमच्या अंगठ्याखाली हाय!"

त्यांनी अंगठा सरकवला. चार! डोमा दोन्ही हात वर करून असा उडाला, की त्याचं धोतर सुटता सुटता राहिलं.

कृष्णराव आले होते जावयाला न्यायला, पण बसले शिशी घेऊन. "पोरी, तू हट. तुही नजर कच्ची हाय," म्हणत किड्यांनी कोसे बांधेपर्यंत ते हलले नाहीत. ऐनाच्या फांद्या कोशांनी लगडल्या, आणि मिलीत त्यांनी दुसराच माणूस धाडला.

कोसे उतरवले त्या दिवशी डोमाने दाढी केली. चंद्रकलेने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"काकू," ती म्हणाली, "हा माहाच हाय. सोडा."