आठव्या ओळीची दुमड

अक्काला जाऊन दीड महिना झाला. शेवटच्या भेटीत ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि त्याला कारण मीच होतो.

अक्का माझी थोरली बहीण, बदलापुरात बेलवलीला राहायची. उल्हासनगरच्या बाजारातून कापडाच्या कतरणी आणायची, त्यांचे चौकोन कापून गोधड्या शिवायची. इतरांच्या गोधड्यांत चौकोनांचे कोपरे एकमेकांना चुकवून पुढे जातात. हिचे चारही कोपरे टाचणीच्या टोकावर मिळायचे. अंबरनाथच्या कारखान्यात माझा जन्म तपासणी खात्यात गेला. मी पट्टी लावून बघायचो, खोट सापडायची नाही.

"पट्टी कसली लावतोस सुध्या? बोट फिरव," ती म्हणायची. युक्ती साधी होती. चौकोनांच्या पहिल्या ओळीतल्या शिवणींची मागची दुमड डावीकडे, दुसरीतली उजवीकडे, तिसरीतली पुन्हा डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की दुमडी एकमेकींना अडतात. तिथेच टाचणी, मग टीप. हे मी शंभरदा ऐकलं होतं... ऐकलं होतं, एवढंच.

माझ्या लेकीच्या बाळासाठी तिने नऊ ओळी शिवून ठेवल्या आणि ती दवाखान्यात गेली. सून तिच्याजवळ असायची, म्हणून घरी झाडांना पाणी घालायला मी जायचो. ओळी चुरगळलेल्या, दुमडी कुठे इकडे, कुठे तिकडे. मला राहवलं नाही. पाणी शिंपडून कडक इस्त्री केली, सगळ्या दुमडी डावीकडे. अगदी एका रांगेत!

दवाखान्यातून घरी आल्यावर तिने ओळींचं गाठोडं सोडलं.

"हे कुणी केलं?"

"मी. बघ, कशा सरळ झाल्यात."

"गाढवा, आता दुमडी एकमेकींना अडणार कशा?" एवढंच बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. मलाही राग आला. केलं ते चुकलं, वर बोलणीही खाल्ली. आठ दिवस मी तिकडे फिरकलो नाही, आणि नवव्या दिवशी फोन आला.

गाठोडं परवा तिच्या सुनेने आणून दिलं. म्हणाली, "मामा, शेवटी शेवटी बोट पाण्यात बुडवून काहीतरी करत बसायच्या. मी घेते म्हटलं तर देईनात."

उघडून पाहिलं. दुसरी, चौथी, सहावी ओळ तिने नखाने दाबून उजवीकडे वळवली होती. आठवी अर्ध्यापर्यंत. पुढे माझी इस्त्री, कडक. मला फार लाज वाटली.

बारसं पुढच्या आठवड्यात आहे. वाटीत पाणी घेतलं, बोट बुडवलं, आणि तिने सोडलं होतं तिथून पुढची दुमड नखाने उजवीकडे वळवली. सातवी ओळ वर ठेवली. पट्टी घेतली नाही. बोट फिरवलं...

अडली.