सातव्या मजल्यावरचा लाल

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी इंद्रजीत कणसे मूळचे कोरेगावचे. माणूस मनानं सरळ, पण डोकं रंगात बुडालेलं. तारापूरला कापडाचे डाय बनवणाऱ्या कंपनीत तयार रंग नमुन्याशी जुळवून बघायचा, हे त्यांचं काम. दोन लालांमधला जो फरक मला चष्मा लावूनही दिसत नाही, त्यावर हा बाबा आख्खा माल परत पाठवतो.

मी सुगंधा, त्यांच्या समोरच्या दारात राहते, सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या मीच दिल्या. पण खऱ्या अडकल्या त्या त्यांच्या आई, गोजराबाई. गुडघे पार गेलेले. रविवारी जवळच कोळगावला नातीचं, ज्ञानेश्वरीचं डोहाळजेवण, आणि पहिली ओटी आपणच भरायची असं त्यांनी तिला कबूल केलेलं. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून उतरवू म्हटलं तर भडकल्या.

"जित्या माणसाला चौघांनी उचलून न्हेत न्हाईत."

साध्या माणसानं लिफ्टवाल्याला फोन केला असता. कणसेंनी मीटिंग घेतली, तीही स्वतःच्या घरी. रंग बघायचा तर कंपनीतल्यासारखाच दिवा पाहिजे, आणि तसला दिवा त्यांनी घरी बसवून घेतलाय. सगळी बिल्डिंग धापा टाकत सात मजले चढली.

त्यांच्या लॅपटॉपवर एक टेक्स्ट एडिटर आहे. त्याला म्हणे हवं ते शिकवता येतं. कणसेंनी शिकवलंय असं, की शब्द सांगून एक कळ दाबली की तो जिथं जिथं असेल तिथं रंगतो, दुसरी दाबली की रंग जातो. बिल्डिंगच्या तक्रारींच्या यादीत 'लिफ्ट' लाल झाली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाण्याला निळा, पार्किंगला पिवळा. हेतलबेन रुसल्या, त्यांच्या कबुतरांच्या तक्रारीला रंगच नाही. कबुतरांना करडा मिळाला. तेवढ्यात कणसेंना लिफ्टचा लाल जरा नारंगीकडे झुकलेला वाटला आणि उरलेली मीटिंग त्या लालावर गेली. मी म्हटलं, अहो, लिफ्टचं काय? ते म्हणाले, तेच तर चाललंय.

मग तो यादीचा मजकूर त्यांनी लिफ्टच्या कंपनीला पाठवला. सूचना एकच: लाल आहे ते आजच करावे. लगेच तिथल्या कमलेशचा फोन आला.

"कौनसा लाल, साहब? इधर तो सब काला है."

रंग कणसेंच्या पडद्यापुरताच. पाठवला की मजकूर साधा, काळा. तरी कणसे 'लिफ्ट दुरुस्त करा' एवढं काही बोलेनात. त्यांचं म्हणणं, नुसतं सांगून निकड कळत नाही, शेड बघावीच लागते. बरं, मग तो आला की लॅपटॉप खाली न्या. तर खालच्या उजेडात शेड बदलते! माझं डोकंच फिरलं. मी फोन हिसकावला आणि कमलेशला सांगितलं, वर येऊन लाल बघा, नाहीतर दुसरी कंपनी बघतो.

शनिवारी तो आला. चांगला वजनदार गडी, त्यात हत्यारांची पिशवी. दारातच बसला, शर्ट अंगाला चिकटलेला. कणसेंनी त्याला दिव्याखाली नेऊन विचारलं, दिसला का लाल? त्यानं नुसती मान हलवली. गोजराबाईंनी पाणी दिलं आणि मायेनं विचारलं, "बाळा, खुर्चीत घालून उतरवाय सांगू का?"

लिफ्टचं मशीन वर गच्चीत. कमलेश तिथं गेला आणि उतरला तो लिफ्टनंच.

रविवारी गोजराबाई नारळ, खण, तांदूळ घेऊन दारात उभ्या. रिक्षा खाली थांबलेली. आणि कणसे लॅपटॉपसमोर! लिफ्ट झाली, आता तिला हिरवा द्यायचा होता, आणि हिरवा काही ठरत नव्हता. आईनं दोनदा हाक मारली. एकच मिनिट, एकच मिनिट. मला इतका राग आला म्हणून सांगू. ज्या माउलीसाठी एवढं रामायण, तीच दारात ताटकळतेय.

गोजराबाईंनी माझा हात धरला. लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "त्येच्या त्या पडद्यावर मी हाय का गं कुठं?"

मी सगळं वाचलं होतं. पाणी होतं, कबुतरं होती. नाही म्हणून सांगितलं.

लिफ्ट टेकली, आम्ही बाहेर आलो, मी जाळीचं दार ओढायला गेले. ते उघडं राहिलं तर लिफ्ट जागची हलत नाही.

"ऱ्हाऊ दे तसंच," गोजराबाई म्हणाल्या.

वरून कणसेंच्या हाका ऐकू आल्या. मग हाका थांबल्या आणि जिन्यात चपला वाजायला लागल्या. रिक्षात येऊन बसले तेव्हा घामानं निथळत होते, तोंड तापून निघालेलं. म्हातारीनं पदरानं त्यांचा चेहरा पुसला आणि मला दाखवला.

"ह्यो बघ," म्हणाल्या, "ह्यो खरा लाल."