वारं पडेपर्यंत

टेनिसचं कोर्ट वेगवान आहे की संथ, हे मोजून सांगायचं, ही माझी नोकरी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत इतकी वर्षं हेच करते आहे, की नव्या माणसाला ते समजावून सांगायचाही आता कंटाळा येतो. कोर्ट कुठं धावतं का, असं लोक हसून विचारतात. कोर्ट धावत नाही, चेंडू धावतो. टप्पा पडताना जमीन चेंडूला किती धरते, यावर सगळं असतं. खरखरीत जमीन जास्त धरते, चेंडू अडखळतो नि वर उठतो. ते संथ कोर्ट. गुळगुळीत जमिनीवरून चेंडू सुळकन पुढं निघतो, ते वेगवान. आम्ही तोफेसारख्या एका यंत्रातून चेंडू तिरपा मारतो, टप्प्याआधीचा नि नंतरचा वेग मोजतो. मग कोर्ट पाचांपैकी एका वर्गात बसतं. संथ, मध्यम-संथ, मध्यम, मध्यम-वेगवान, वेगवान. एवढंच.

या कामाला वारा चालत नाही. जरा जोराचा वारा असला की आकडे खोटे येतात. म्हणून बार्शीकडच्या वाशीजवळच्या एका निवासी शाळेचं नवं कोर्ट माझ्या वाट्याला आलं, तेव्हाच मी मनात हात टेकले होते. मी त्याच तालुक्यातली. तिथल्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. त्यातून दिवस मिरगाच्या आधीचे.

सकाळी पोचलो तर कोर्टाभोवतीची हिरवी जाळी शिडासारखी फुगली होती. आमचे ड्रायव्हरकाका यंत्रही चालवतात. त्यांनी गाडीतून ते उतरवलं, हवा भरायचा पंप जोडला, नि आम्ही बसून राहिलो. मी वारा मोजायचं उपकरण हातात धरायची, आकडा बघायची, पुन्हा खाली ठेवायची. प्राचार्य दोनदा येऊन गेले.

"मॅडम, थोडाच तर वारा आहे."

"थोडा नाही, सर. थांबावं लागेल."

माझं अंग दुखत होतं. आदल्या दिवशी नागपूर, त्याआधी इंदूर. सगळीकडं तीच निळी जमीन, तेच पांढरे पट्टे. कधीकधी जाग आल्यावर गाव कुठलं ते आठवावं लागतं.

दुपारी अक्का आली. माझी थोरली बहीण. तिचं सासर तिथून जवळच. मी येणार हे तिच्या मुलाला कळवलं होतं, तर ती काळीपिवळी जीपमधून डबा घेऊन आली. उन्हानं तोंड रापलेलं, पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून कमरेला घट्ट खोचलेला. शेतातली धसकटं वेचायचं काम चालू होतं, ते अर्ध्यावर सोडून आली होती.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

"तूच बघ की तुझ्याकडं. दाजी कसे आहेत?"

"भाकरी गरम हाय तवर खा."

आम्ही खेळाडूंच्या खोलीच्या सावलीला बसून जेवलो. काळ्या मसाल्याची आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. काकांना तिनं बळंच अजून एक भाकरी वाढली. बोलली तीच. म्हशीचं, सासऱ्याचं, पाय सुजतात त्याचं. सासरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं हिच्याकडंच. मी मधून काही विचारलं की ती नुसती मान हलवायची नि आपलंच पुढं चालू ठेवायची. दमली आहे, बोलू दे, असं मला वाटलं.

जेवण झाल्यावर म्हणाली, "जरा पाठ टेकते. घरी कुठं टेकाय मिळती." खेळाडूंसाठी ठेवलेल्या लांब बाकावर ती डाव्या कुशीवर, हाताची उशी करून आडवी झाली आणि लगेच झोपली. तिला दिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. लग्नाआधीसुद्धा नाही. तिच्या टाचांना खोल भेगा होत्या. मी बाजूला बसून राहिले.

ऊन कलल्यावर जाळी एकाएकी सैल पडली. उपकरण धरलं तर आकडा उतरलेला. काका उठून उभे राहिले.

"ताई, हीच वेळ आहे. पण त्यांना आधी उठवा, आवाजानं दचकतील."

यंत्राचा आवाज साधा नसतो. दाबाची हवा एकदम सुटते, धाडकन. मी जवळ जाऊन हाक मारली, "अक्का." ती हलली नाही. पुन्हा मारली. इतक्या गाढ झोपेतून माणसाला हलवून उठवायला माझा हात होईना, आणि वारा माझ्यासाठी थांबणार नव्हता. आवाजानं उठेलच, असं म्हणून मी काकांना खूण केली.

पहिला चेंडू सुटला. शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. अक्का तशीच. दुसरा सुटला, तिसरा सुटला. आम्ही यंत्र सरकवून पुढच्या जागी लावलं, ते तिच्यापासून अजून जवळ होतं. पुन्हा धाडकन. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

आकडे तसेच सोडले. मी धावत गेले नि तिच्या नाकाखाली बोटं धरली. श्वास चालू होता. खांदा धरून गदागदा हलवलं तशी ती दचकून उठून बसली.

"वारं पडलं व्हय?" तिनं विचारलं. "झालं का तुजं काम?"

मी तिच्या पाठीमागं जाऊन, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अक्का, पाणी देऊ का?" ती समोर कोर्टाकडं बघत, केसांचा अंबाडा बांधत राहिली. मग तिच्या डाव्या बाजूला जाऊन तेच जरा मोठ्यानं म्हणाले. तेव्हा तिनं वळून बघितलं.

"दे की."

"तुला ऐकू येत नाही का गं?"

तिनं आधी काकांकडं बघितलं. ते लांब होते. "उजव्यानं न्हायच. डाव्यानं येतं थोडं थोडं."

"कधीपासून?"

"झालं की लई दिस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुनाला सांगू? घरात समदे वरडूनच बोलत्यात. आदी बी वरडूनच बोलायचे. कुनाला कळलंच न्हाय." ती हसली, नि पदरानं तोंड पुसलं.

फोनवर ती नुसतं हं हं करायची ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. मी कामाचं, घराचं, कितीतरी सांगायची नि ती हं म्हणायची. ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

"ताई!" काकांनी हाक मारली. वारा अजून पडलेला होता. मी परत गेले नि उरलेल्या जागा मोजून घेतल्या. करायचं तर होतंच. अक्का बाकावर बसून प्रत्येक चेंडू डोळ्यांनी बघत होती, नि यंत्र सुटलं की आता तिचे खांदे किंचित हलत होते.

प्राचार्य आले. "कुठला वर्ग निघाला?"

"मध्यम-संथ, सर."

त्यांचा चेहरा पडला. "आम्हाला वेगवान हवं होतं. ठेकेदाराला तसं बजावलं होतं."

"वरच्या रंगात वाळू जाड पडली आहे. खेळून खेळून झिजेल, मग वेग थोडा वाढेल."

"म्हणजे वाट बघायची?"

"किंवा वरचा थर पुन्हा द्यायचा."

त्यांना अजून बोलायचं होतं, पण मला त्राण नव्हतं. सगळं लेखी पाठवते, मी म्हणाले.

अक्काला आम्ही गाडीतून घरी सोडलं. मी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला बसले. दाजींना दारातच सांगितलं, हिचे कान तपासायला न्यायचे आहेत. ते म्हणाले, "तिला काय झालंय? सगळं तर करती." पुढच्या सुट्टीत मीच तिला बार्शीला डॉक्टरकडं घेऊन गेले. उजवा कान गेलेला होता. डाव्यासाठी ऐकायचं यंत्र मिळालं. दवाखान्याबाहेर आल्यावर ती कितीतरी वेळ रस्त्यावर उभी राहिली, एसटीच्या हॉर्ननं दचकत.

आता फोनवर ती उत्तरं देते. उलट प्रश्नही विचारते. मागं एकदा संध्याकाळी फोन केला तर तिच्या मुलानं उचलला, म्हणाला, आईनं यंत्र काढून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, काढून का ठेवतेस?

"दिसभर लावते की," ती म्हणाली. "सांजंला समदी घरला आली की काढते. तेवढंच जिवाला बरं वाटतं गं."

मी तिला लाव म्हणाले नाही.