पंचमीनंतरचा झिम्मा

शहापुरातली आमची शेजारीण हातमागवाल्यांच्या घरातली. उंच, घाईची, बोलता बोलता मध्येच हसत सुटणारी.

माझा खांदा धरला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, हात रोज वर गेला नाही तर कायमचा आखडेल. अंबाडासुद्धा सून घालून देई, ते मला फार खुपायचं. मुलींच्या शाळेत बायकांची कवायत चाले, तिथे जाऊन पाहिलं. पण शिट्टीवर हात उचलायला मन घेईना. रोजच्या कामांच्या यादीत कवायत लिहायची आणि संध्याकाळी ती तशीच उरायची.

एका दुपारी शेजारीण परड्यात आली. "आक्का, चला, झिम्मा खेळूया."

"पंचमी होऊन गेली की गं."

"मग पंचमीनं जाताना हात बांधून ठेवल्यात व्हय तुमचं?"

त्यानंतर रोज आम्ही टाळ्या देत गाणी म्हणायचो. गल्लीतल्या बायका हसायच्या, तीही त्यांच्याबरोबर हसायची. खांद्याची चौकशी तिने कधी केली नाही. टाळीसाठी तळवा मात्र ती दररोज कालच्यापेक्षा किंचित वर धरायची. हे मला उमगलं, ते माझा अंबाडा मी स्वतः घातला त्या सकाळी.

सांगायला गेले, तर आपला दंड चोळत ती म्हणाली, "बरं झालं बाई. माझाच हात लई दुखाय लागलाय."