अंबाड्यावरचा हात

चूक माझीच होती, आणि संसार वाचवला म्हणून बावीस वर्षं मी ती मनातल्या मनात मिरवली.

काल सुषमाला, माझ्या बायकोला, घेऊन एक विनोदी सिनेमा पाहिला. त्यातली बायको मैत्रिणीच्या प्रेमात पडते. मैत्रीण तिची वेणी घालत असताना नवरा घरात शिरतो आणि तेलाच्या वाटीवर पाय पडून घसरतो. सगळं थिएटर हसलं. मीही हसलो. हसता हसता शेजारी पाहिलं, तर सुषमाचा हात स्वतःच्या अंबाड्यावर जाऊन तिथेच थांबला होता.

बावीस वर्षांपूर्वी सुषमाची मैत्रीण नलिनी दर रविवारी आमच्याकडे यायची, सुषमाच्या केसांना तेल लावायची. एका रविवारी त्या दोघी एकमेकींकडे कशा पाहतात ते मला दिसलं. नलिनीला मी दारातच सांगितलं, "पुन्हा इथे यायचं नाही." आमच्याकडे कुणी घसरलं नाही, कुणी ओरडलंही नाही. सुषमाने मला चहा करून दिला. त्यानंतर तिने केसांना कुणाचा हात लागू दिला नाही, माझाही नाही.

अंधारात सगळे एकदम हसतात, तेव्हा न हसणारं माणूस किती एकटं पडत असेल!

जिना उतरताना ती म्हणाली, "अहो, तेव्हाही असेच हसला असतात तर?"

मी विचारलं, "नलिनी कुठे असते आता?"

"गेली ती. तीन वर्षं झाली."

ती दोन पायऱ्या पुढे निघून गेली. तिच्या अंबाड्याकडे पाहत मी म्हणालो, "माझं चुकलं, सुषमा. तुम्हा दोघींचा मी अपराधी आहे."